रीफ टँकवरचं चांदणं घरी करायचंय, पण एलईडी किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन फुटी खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात झोअँथस, मशरूम आणि लेदर ही मऊ कोरलं (प्रवाळं), दोन क्लाउनफिश आणि एक फॉक्सफेस मासा. रात्रीसाठी हूडला (टँकच्या झाकणाला) आतून निळी एलईडी पट्टी चिकटवली, बारा व्होल्टवर, रात्री दहा ते सकाळी सात. दोन महिन्यांत अर्धी पट्टी विझली, टोकं हिरवी पडली, काचेवर शेवाळ वाढलं आणि मासे रात्रभर फिरत राहतात. आता सुटे एलईडी आणून स्वतः चांदणं बनवायचं आहे, तर किती एलईडी घ्यायचे आणि रेझिस्टर कोणता?

रेझिस्टर सांगतो. पण एलईडी किती, ही तुमची खरी अडचण नाही. तुमच्या टँकमध्ये रात्रच होत नाहीये, ही आहे.

थोडे आकडे बघा. निरभ्र आकाशात पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असताना जमिनीवर साधारण पाव लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड पडतो. भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं, म्हणजे चंद्र सूर्याच्या चार लाखांश. तुमच्या पट्टीसारख्या साध्या पट्टीला मीटरमागे साठ एलईडी असतात आणि ती मीटरला ४०० मिलिअँप घेते. तीन फुटांना साडेतीनशेच्या पुढे धरा. मी जे चांदणं सुचवणार आहे ते एक मिलिअँपही घेत नाही. पट्टी मंद दिसते ती आपण दिवसाच्या दिव्यांशी तुलना करतो म्हणून. माशाच्या दृष्टीने तो ढगाळ दिवस आहे, आणि तो रोज रात्री नऊ तास चालतो.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. पंधरा-एक वर्षांपूर्वी मी बारा निळे एलईडी वीस-वीस मिलिअँपवर लावले होते. लग्नाच्या हॉलला शोभेल असा टँक दिसायचा. माझ्याकडेही फॉक्सफेस होता. हा मासा झोपला की त्याचा पिवळा रंग मळतो आणि अंगावर तपकिरी डाग उमटतात. त्या बारा एलईडींखाली तो रात्री दोन वाजताही पिवळाधमक असायचा. सगळं बंद करून पाहिलं तेव्हा चौथ्या रात्री त्याचे डाग दिसले. तेव्हापासून माझा लक्समीटर म्हणजे फॉक्सफेस. तुमच्याकडे तो आहेच. रात्री बाराच्या सुमाराला हळूच डोकावून बघा. डाग नसतील तर उजेड जास्त आहे.

शेवाळाचं मात्र खात्रीने सांगता येणार नाही. नऊ तासांचा निळा उजेड त्याला हातभार लावतो, पण मूळ खत नायट्रेट आणि फॉस्फेटचं असतं. पट्टी काढून तीन आठवडे थांबा. फरक पडला नाही तर खाणं किती घालता आणि पाणी किती बदलता तिकडे वळा.

आणखी एक गोष्ट तुमच्या घरावर अवलंबून आहे. टँक हॉलमध्ये असेल, अकरापर्यंत ट्यूब आणि टीव्ही चालू असेल, खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड थेट पाण्यावर पडत असेल, तर तुम्ही कितीही नाजूक चांदणं बनवा, ते त्यात बुडून जाणार. आधी एका रात्री सगळे दिवे घालवून पंधरा-वीस मिनिटं टँकसमोर बसा. दगडांच्या कडा आपोआप दिसायला लागल्या तर तुम्हाला एलईडी नको, पडदा हवा. वेव्हमेकरच्या (लाटा करणाऱ्या पंपाच्या) कंट्रोलरवरची हिरवी-निळी ठिपक्याएवढी बत्तीसुद्धा अंधारात केवढी पसरते ते तेव्हा कळेल. मी सगळ्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावली आहे, वायफायच्या राउटरसकट.

आता रंग. चंद्रप्रकाश निळा नसतो, सूर्यप्रकाशापेक्षा किंचित पिवळसरच असतो. अंधारात आपल्या डोळ्याची रंग ओळखण्याची ताकद जाते आणि निळ्या-हिरव्याकडची संवेदना टिकते, म्हणून तो निळसर भासतो. मग निळा एलईडी का लावायचा? कारण काही मीटर खाली समुद्रात लाल रंग पाण्याने शोषलेला असतो आणि उरतो तो निळाच. शिवाय कोरलही निळा उजेड ओळखतं. निळ्या उजेडाला प्रतिसाद देणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं ॲक्रोपोरा कोरलमध्ये असतात आणि त्यांच्या एका जनुकाचं काम पौर्णिमेच्या रात्री अमावस्येपेक्षा वाढतं, हे २००७ साली ‘सायन्स’मध्ये छापून आलं आहे. दुकानात ४६५ ते ४७५ नॅनोमीटरचा, पाच मिलिमीटरचा, पारदर्शक डोक्याचा निळा एलईडी मागा. नोटा तपासायच्या दिव्यातला जांभळा, ३९५ नॅनोमीटरचा, घेऊ नका. त्याने झोअँथस चमकतात आणि फोटो छान येतात, पण ते चांदणं नव्हे.

पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे हा एलईडी सहज मिळतो. दुकानदार ‘तीन हजार एमसीडी’ म्हणेल, म्हणजे मिलिकँडेला, झोताच्या तीव्रतेचं माप. तो आकडा वीस मिलिअँपवरचा आणि डोक्याच्या अगदी समोरचा असतो. तीन हजार एमसीडी म्हणजे तीन कँडेला. एलईडीपासून दगडापर्यंत अर्धा मीटर धरला तर तीनला अंतराच्या वर्गाने, म्हणजे ०.२५ ने भागायचं. आले १२ लक्स. पौर्णिमेच्या जवळजवळ पन्नासपट, आणि हा एकच एलईडी! पाव लक्सवर यायचं तर प्रवाह वीस मिलिअँपच्या पन्नासाव्या भागावर, म्हणजे ०.४ मिलिअँपवर आणावा लागेल. इतक्या कमी प्रवाहावरही निळा एलईडी व्यवस्थित पेटतो.

यात एक मेख आहे. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि ते निळ्याला कमी लेखतं. तेवढ्याच लक्सच्या चंद्रप्रकाशात जितकी निळी ऊर्जा असते, त्याच्या कितीतरी पट या एलईडीत असते. तेव्हा हिशेबात चूक करायचीच असेल तर मंदपणाच्या बाजूने करा.

तीन फुटी टँकला मी दोनच एलईडी लावेन, दोन्ही टोकांपासून पाऊण-पाऊण फूट आत. खरं तर एकच लावायला हवा, कारण आकाशात चंद्र एकच आहे. पाण्याच्या लाटांमधून वाळूवर हलणारी जी प्रकाशाची जाळी दिसते, ती उजेड एका बिंदूतून येतो तेव्हाच उमटते. पट्टी लावली की सगळं पिठूळ होतं. पण तीन फुटांत मधोमध लावलेल्या एका एलईडीचा झोत कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून दोन. प्रत्येकाचं डोकं बारीक पॉलिश पेपरवर दहा-बारा वेळा घासा, पूर्ण पांढरं होऊ देऊ नका. झोत थोडा पसरतो आणि जाळीही शिल्लक राहते.

जोडणी अशी. बारा व्होल्टचा अधिक, मग ४.७ किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर, मग १०० किलोओहमचा लिनिअर पॉट (बटण फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर; त्यावर ‘बी१००के’ लिहिलेलं असतं, मधला आणि एका कडेचा पाय वापरा), मग दोन एलईडी एकामागे एक, आणि शेवटी ऋण. इतक्या कमी प्रवाहावर एका एलईडीवर सुमारे २.७ व्होल्ट पडतात, दोघांचे ५.४, उरले ६.६. पॉट आणि रेझिस्टर मिळून १० किलोओहम झाले की ०.६६ मिलिअँप वाहतो. मघाशी ०.४ म्हणालो, पण घासल्यामुळे समोरचा झोत बराच उतरतो, म्हणून हा आकडा पौर्णिमेला बरोबर बसतो. ४.७ चा रेझिस्टर कायम असल्यामुळे घरातल्या कोणी पॉट पूर्ण फिरवला तरी प्रवाह दीड मिलिअँपच्या आतच राहतो.

अडॅप्टर चांगला एसएमपीएस, म्हणजे हलका, स्थिर व्होल्ट देणारा, घ्या. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर आधी मल्टिमीटर लावून बघा. वर बारा लिहिलेलं असतं, पण जोडलेला भार नगण्य असेल तर तो सोळा-सतरा व्होल्टसुद्धा देतो.

आता पॉटच्या चकतीवर आकडे लिहू नका, तिथी लिहा. गंमत म्हणून सांगत नाही. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचा बारा अंशांचा टप्पा, आणि चंद्र किती उजळ दिसणार हे त्या कोनावरच ठरतं. इथे बहुतेक जण चुकतात. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो म्हणून त्याचा उजेडही अर्धा धरतात. प्रत्यक्षात तो पौर्णिमेच्या जेमतेम दशांश असतो. पौर्णिमेला सूर्य आपल्या मागून चंद्रावर सरळ पडतो, तिथल्या खड्ड्यांच्या सावल्या आपल्याला दिसत नाहीत, म्हणून उजेड एकदम चढतो. पौर्णिमेनंतर दोन दिवसांतच तो जवळजवळ निम्म्यावर येतो. आपल्या पॉटवर पौर्णिमा एका टोकाशी येईल, कृष्ण पक्षातली चतुर्थी सुमारे चौथाईवर, षष्ठी अर्ध्याच्या पुढे, आणि दुसऱ्या टोकाला सप्तमी. तिथून पुढे अमावस्येपर्यंत मी सरळ बंद करतो. भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं आणि झोपताना बटण फिरवायचं. आमच्याकडे हे काम अनेक वर्षं माझी आई करायची, देवाला दिवा लावून झाला की.

अमावस्येला दिवा पूर्ण बंद ठेवा. ‘थोडा तरी उजेड असू दे, मासे घाबरतील’ असं बरेच जण म्हणतात. मासे घाबरतात ते मुख्य दिवे एका झटक्यात गेल्यामुळे. दिवे अर्ध्या तासात हळूहळू उतरवा, किंवा दोन दिवे असतील तर एकामागून एक बंद करा. अंधाराशी माशांचं काही वाकडं नाही.

आणि अंधार हाही संदेश असतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर वसंताच्या शेवटी, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींमध्ये शेकडो मैलांवरची कोरलं एकाच सुमाराला अंडी-शुक्राणू सोडतात. शास्त्रज्ञांना हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उमगलं. पौर्णिमेनंतर चार रात्री म्हणजे आपली संकष्टी! पौर्णिमेला चंद्र सूर्यास्तालाच उगवतो, पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. म्हणूनच संकष्टीला उपास सोडायला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत चंद्राची वाट बघत बसावं लागतं. सूर्य मावळून चंद्र उगवेपर्यंतचा हा काळोखाचा तुकडाच काही कोरलांना वेळेची खूण देतो, असं तैवानमधल्या संशोधकांनी २०२१ साली दाखवलं. टँकमध्ये रात्रभर एकसारखा निळा दिवा ठेवला तर नेमका तो तुकडाच आपण पुसून टाकतो. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात टँकमधल्या कोरलांनी प्रजनन केलं, तेही तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्र हे सगळं वर्षभर समुद्राबरहुकूम फिरवल्यावर. तुमच्या-माझ्या हॉलमध्ये तसं घडेल अशी आशा धरू नका. वाढीसाठीही या उजेडाचा शून्य उपयोग. प्रकाशसंश्लेषणाला तो पुरतच नाही. मिळतं ते एवढंच की मासे झोपतात, आणि ब्रिटलस्टार, ब्रिसल वर्म, कोळंब्या यांची रात्रपाळी तुम्हाला बघायला मिळते. मला तेवढं पुरतं.

(कठीण कोरलांचा विचार पुढे करत असाल तर आपल्याकडची रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ‘मालवणवरून आणून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.)

रोज बटण फिरवायचा कंटाळा असेल तर आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड), डीएस३२३१ घड्याळ आणि एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर. मॉस्फेटची (मोठ्या प्रवाहाच्या ट्रान्झिस्टरची) गरज नाही, आपला प्रवाह एक मिलिअँपही नाही. पॉट काढून रेझिस्टर सरळ १० किलोओहमचा लावा, एलईडींचा ऋण टोकाचा पाय ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, एमिटर ग्राउंडला, आणि नॅनोच्या नवव्या पिनेतून १० किलोओहममार्फत बेसला. सूत्रं मांडत बसण्यापेक्षा मी तक्ताच भरून ठेवला आहे. पौर्णिमेला २५५ (नॅनोवर हा पूर्ण उजेड, शून्य म्हणजे बंद), आणि तिथून दर दिवशी १९०, १४०, १०५, ८०, ६०, ४०, २८, १९, १२, ७, ३, २, मग शून्य. शुक्ल पक्षात हाच तक्ता उलटा. कुठल्याही एका पौर्णिमेची तारीख कॅलेंडरवरून घ्या, त्यानंतरचे दिवस मोजा आणि २९.५३ ने भागून उरलेली बाकी बघा. कृष्ण पक्षात मुख्य दिवे गेल्यावर दर दिवसाला पन्नास मिनिटं उशिरा चालू करायचं. शुक्ल पक्षात दिवे जाताच चालू, पण बंद लवकर. अष्टमीला साधारण सहा तासांनी. तुमचा टँकमधला दिवस खऱ्या दिवसापेक्षा उशिरा संपत असेल तर टँकचा सूर्यास्त धरूनच मोजा.

दोन खाचा मात्र लक्षात ठेवा. डीएस३२३१ च्या स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारा रेझिस्टर असतो, तो रिचार्जेबल सेलसाठी. त्यात साधा सीआर२०३२ घालून पाच व्होल्ट दिले तर सेल फुगू शकतो, म्हणून तो रेझिस्टर काढून टाका. दुसरी खाच म्हणजे नॅनोच्या पाठीवरचा पॉवरचा एलईडी आपल्या चंद्रापेक्षा जास्त उजळ असतो. टेप!

राहिलं मीठ. तुमची पट्टी मेली ती याच कारणाने. पट्टीवर सिलिकॉनचा थर असतो, पण कापलेलं टोक उघडंच राहतं. बाष्पाबरोबर मीठ तिथे शिरतं आणि तांबं हिरवं पडतं. एलईडी गेले त्याचं दुःख नाही, पण ते हिरवं टँकमध्ये गळलं तर कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळ्यांना विष. माझ्या एका हूडच्या वायरीचं टोक असंच कुजून पाण्यात लोंबत होतं, ते मला दोन क्लीनर कोळंब्या मेल्यावर दिसलं. तुमच्या हूडमधली पट्टी आजच काढा आणि पुढच्या पाणीबदलाला थोडं जास्त पाणी बदला. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कार्बन घातला नसेल तर तोही घाला.

नव्या एलईडीसाठी मी होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची छोटी बाटली वापरतो. झिरो पीसीबीचा नखाएवढा तुकडा, त्यावर एलईडी, सोल्डर, प्रत्येक पायाला हीट श्रिंक स्लीव्ह. सगळं बाटलीत, डोकं बुडाकडे, आणि तोंड दोन नळ्यांच्या इपॉक्सीने बंद. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टँक जोडायला उत्तम, पण सुकताना त्यातून निघणारं ॲसिड बंद बाटलीत तांब्याला खातं, म्हणून इथे नको. वायर कल्हई केलेली, म्हणजे पांढऱ्या तारांची मिळाली तर फारच छान. पॉट आणि बाकीची जोडणी हूडबाहेर, कोरड्या डबीत.

अडॅप्टर सम्पच्या कपाटात ठेवू नका, भिंतीवर पाण्याच्या पातळीच्या वर लावा. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे ओघळ आला तर तो झोलावरून जमिनीवर पडेल. टँकच्या बोर्डाला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर चांदणं राहू दे, आधी तो बसवून घ्या. हीटर आणि पंप तर २३० व्होल्टवरच चालतात. आणि दिवाळीची एलईडी माळ कापून वापरायची कल्पना कोणी सुचवेल, ती ऐकू नका. तिला ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यामुळे तिची प्रत्येक उघडी तार मेन लाइनला जोडलेली असते.

इपॉक्सी भरायच्या आधी दोन्ही बाटल्या नुसत्या टेपने हूडला चिकटवून एक रात्र बघा. पौर्णिमेच्या खुणेवर ठेवा, वीस मिनिटं अंधारात बसा. दगडांची रेघ दिसायला हवी, माशाची सावली सरकलेली कळायला हवी, पण कुठला मासा कुठल्या रंगाचा हे ओळखता येऊ नये. छतावर निळा डाग दिसला तर पॉट आणखी फिरवा. मग जाऊन झोपा, आणि जाग आली की फॉक्सफेसला डाग पडलेत का तेवढं पाहून या.